हाताला लागणारं पाणी

“समुद्रात काय बघायचं? पानीच की नुसतं.”

लक्षद्वीपला जायचं ठरलं तेव्हा आई एवढंच म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो झळकले आणि आमच्या घरच्या ग्रुपवर निळ्या पाण्याचा पाऊस सुरू झाला. भावानं मनावर घेतलं. परवाने, पोलिसांचा दाखला, ओळखपत्रांच्या प्रती असं करत करत पुढच्या फेब्रुवारीत आमची सात जणांची वरात कोचीला पोचली. भाऊ, वहिनी, नऊ वर्षांचा भाचा, मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि आई. आईला न्यायचं की नाही यावर बरीच खलबतं झाली होती, कारण भर समुद्रात मोठ्या जहाजातून छोट्या होडीत उतरावं लागतं असं कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी ‘पाच दिवस तिला एकटीला ठेवणार कुठं’ हा मुद्दा जिंकला. म्हणजे ती आली ती हौस म्हणून नाही, आमची सोय म्हणून. तेव्हा असं उघड कुणी बोललं नव्हतं, पण तिला ते कळलं नसेल असंही नाही.

आई माण तालुक्यातली. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, कासची फुलं आठवतात. ढग तिकडेच रिकामे होतात. माणदेशात पोचतो तो नुसता वारा. १९७२ च्या दुष्काळात आई अठरा वर्षांची होती, नुकती लग्न होऊन आलेली. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. या गोष्टी ती रंगवून सांगत नाही, मध्येच एखादं वाक्य येतं आणि जातं. विहिरीची खोली ती अजून ‘परसात’, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात, मोजते. आमची विहीर आठ परस. उन्हाळ्यात तळाशी उतरून झऱ्याचं पाणी वाटीनं भरायचं, वाटी भरेपर्यंत वाट बघायची. आता पुण्यात भावाच्या घरी नळाला चोवीस तास पाणी आहे, तरी तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत गेल्याशिवाय तिला चैन पडत नाही. वहिनी यावर हसतेही आणि वैतागतेही.

तर अशा बाईला आम्ही समुद्र दाखवायला निघालो होतो.

कोचीच्या विलिंग्डन बेटावरून जहाज सुटतं. सातशे माणसं मावणारं जहाज, पण त्यात आमच्यासारखे पर्यटक थोडे आणि बेटावर घरी निघालेली माणसं जास्त. आम्ही कॅमेरे, गॉगल, समुद्रात घालायचे बूट घेऊन आलो होतो. त्यांच्याकडे कांद्याची पोती, फ्रीजचं खोकं, औषधांच्या पिशव्या, एका बाईच्या कुशीत आठ-दहा दिवसांचं बाळ. बाळंतपणाला अडचण होती म्हणून मुख्य भूमीवर आणलं होतं, आता घरी चालली होती. आमचं चार बर्थचं केबिन होतं, एसी इतका कडक की आईनं येतानाची घोंगडी बाहेर काढली. घोंगडी आणू नको म्हणून मी तिच्याशी वाद घातला होता, हे आपलं नोंदवून ठेवते.

किनारा दिसेनासा झाला आणि जहाज हलायला लागलं. या सहलीसाठी सगळ्यात जास्त उत्साही असलेला माझा नवरा सगळ्यात आधी आडवा झाला. मग वहिनी. मग मी. भाचा ओकून पुन्हा ताजातवाना होऊन धावायला गेला. आई मात्र डेकवर लोखंडी बाकावर पदर कानाभोवती गुंडाळून बसलेली. “बैलगाडीत बसल्यागत वाटतंय,” म्हणाली. माझी लेक तिच्याशेजारी बसून तिला काहीबाही दाखवत होती, उडणारे मासे, दूरचं एखादं जहाज. लेक नंतर मला म्हणाली, आजीनं बराच वेळ काही विचारलं नाही, आणि मग एकच विचारलं.

“इतकी लोकं तिथं ऱ्हात्यात. प्यायचं पानी कुठनं आनत्यात?”

लेकीनं शहरी मुलीसारखं ठोकून दिलं, “आजी, पाइपलाइन असेल.” मग तिलाच शंका आली. चारशे किलोमीटर पाइपलाइन?

सकाळी आमचं पहिलं बेट, कल्पेनी, दिसलं. दिसलं म्हणजे पाण्यावर हिरव्या दोऱ्याचा एक टाका घातल्यासारखं. डोंगर नाही, उंचवटा नाही, सपाट. ही बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर वर आहेत. सगळी मिळून छत्तीस, माणसं राहतात ती दहा, आणि छत्तीसांची जमीन एकत्र केली तरी भरते ३२ चौरस किलोमीटर. त्यावर २०११ च्या जनगणनेत ६४,००० च्या वर माणसं. नदी एकही नाही. ओढा नाही. ओहोळसुद्धा नाही.

उतरण्याचा प्रसंग मी कधी विसरणार नाही. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडतात, खाली एक होडी लाटेवर वर-खाली होत असते. वर आली की पायरीच्या पातळीला, खाली गेली की माणूसभर खोल. दोन खलाशी आपले दोन्ही दंड धरतात आणि होडी वर आली की ओरडतात. तेवढ्यात पाय टाकायचा. आईच्या सहावारी साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलेलं, निऱ्या वर खोचलेल्या, गळ्यातली तुळशीमाळ जॅकेटच्या बाहेर काढून ठेवलेली. भावाचा चेहरा पांढराफटक. खलाशी ओरडला आणि आई अशी पुढं गेली जशी ती विहिरीच्या पायरीवरून पायरीवर जात असेल. होडीत बसल्यावर मागं वळून आमच्याकडे बघितलं, तुम्ही का थांबलात, अशा नजरेनं.

लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, शिरताना रंग बदलतो. बाहेर शाईसारखा गडद समुद्र, मग पांढऱ्या फेसाची एक रेघ, आणि ती ओलांडली की एकदम फिकट हिरवा-निळा, तळ दिसेल इतका नितळ. मी शाळेत ‘कंकणाकृती प्रवाळद्वीप’ हा शब्द पाठ केला होता आणि त्याचा अर्थ पस्तीस वर्षांनी त्या होडीत कळला. समुद्राच्या तळातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेनं वाढणारं प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतं. डोंगर बुडतो, कडा उरते. चार्ल्स डार्विननं १८४२ मध्ये मांडलेली ही कल्पना. म्हणजे आपण बेट म्हणतो ते बुडालेल्या डोंगराच्या डोक्यावरचं मुंडासं. डोंगर गेला, मुंडासं तेवढं तरंगतंय. हे मी आईला सांगितलं. तिनं विचारलं, पोवळं म्हणजे ते अंगठीतलं का? ते वेगळं, हे वेगळं, असं सांगता सांगता किनारा आला.

किनाऱ्यावर शहाळी, नाच, नारळाच्या झावळ्यांचा मांडव. पर्यटकांच्या सरबराईची एक ठरलेली पद्धत असते आणि ती पार पाडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ठरलेलं हसू असतं, यात त्यांचा दोष नाही. मुलं पाण्यात पडली. नवरा जमिनीवर आल्याच्या आनंदात वाळूतच आडवा झाला. दुपारी जेवणात कुप्याची, म्हणजे ट्यूना माशाची, आमटी, कुप्याचं सुकं, कुप्याचं आणखी काहीतरी. आई माळकरी. तिच्यासाठी भात, डाळ आणि नारळाची चटणी आणून देणारी बाई तिच्याएवढीच वयस्क होती, डोक्यावर ओढणी, कानाच्या पाळीत बऱ्याच बाळ्या. ती बोलायची जेसरी, मल्याळमची तिथली बोली. आई बोलायची माणदेशी. आईनं रिकामा पेला दाखवला आणि म्हणाली, “पानी?”

आमच्या घरी आई ‘पानी’ म्हणते म्हणून लहानपणी मी तिला सुधारायचे. पाणी म्हण, आई, पाणी. शाळेत बाई ओरडतात. आणि इथं, तिचं ते ‘पानी’ हिंदीतल्या पानीला जाऊन मिळालं आणि त्या बाईला नेमकं कळलं. तिनं पाण्याच्या भांड्याकडे हात केला. आईनं मान हलवली. भांड्यातलं नको. हे आलं कुठनं? हातानं विचारलं. बाई हसली, आणि आईचा हात धरून तिला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. मीही गेले.

नारळीच्या सावलीत एक विहीर. विहीर म्हणायला जीभ वळत नाही, रांजण पुरून ठेवावा तशी. गोल, बुटका कठडा, प्रवाळाच्या दगडांचा. आई कठड्याशी वाकली आणि तशीच राहिली. पाणी तिथंच होतं. दोर नाही, रहाट नाही, मोट नाही. काठीला बांधलेलं एक भांडं होतं, पण त्याचीही फार गरज नव्हती. आईनं कठड्यावर पोट टेकून हात खाली सोडला आणि तिची बोटं पाण्याला लागली.

ती काही बोलली नाही. दोनदा पाण्यात बोटं हलवली, बाहेर काढली, पुन्हा घातली. आठ परस विहिरीच्या तळाशी वाटी घेऊन बसलेल्या बाईला हाताला लागणारं पाणी म्हणजे काय वाटलं असेल, हे मी इथं लिहू शकत नाही. लिहिलं तर ते माझं असेल, तिचं नाही. बाईनं भांड्यानं पाणी काढून तिच्या ओंजळीत ओतलं. आई प्यायली. चेहरा वर करून म्हणाली, “ग्वाड हाय.” बाईला शब्द कळला नाही, पण ती खूश झाली.

त्या रात्री जहाजावर मी त्या विहिरीमागचं शास्त्र वाचत बसले. प्रवाळाच्या वाळूत पाऊस मुरतो. इथल्याच मिनिकॉय बेटावर वर्षाला सोळाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, माणदेशानं हेवा करावा एवढा. पण तो मुरून जातो कुठं? खाली तर समुद्रच आहे. वाळूच्या खालूनही समुद्राचं पाणी आरपार भरलेलं. तर हे गोडं पाणी त्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते थोडं हलकं असतं. कढीवर तुपाची धार सोडावी तसं, फक्त इथं कढी आणि तूप दोन्ही पाणीच. भिंगासारखा त्याचा आकार, मध्ये जाड, किनाऱ्याकडे पातळ. हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी साठलं असेल तर खाली चाळीस फूट असतं. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात भरती-ओहोटी रोज दोनदा त्याला खालून ढवळते, त्यामुळे एवढं जाड कुठलं राहायला. पण उलटा हिशेब मात्र लागू होतो. वरचं थोडं जरी जास्त उपसलं, की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. दोरानं ओढणारा माणूस दमतो, म्हणून विहीर टिकते. पंप दमत नाही.

हे मी सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. भाऊ म्हणाला, इंटरेस्टिंग. भाचा म्हणाला, म्हणजे आपण पाण्यावर तरंगणाऱ्या पाण्यावर उभे होतो? आई म्हणाली, “म्हंजी साय हाय ती. साय किती दिस खाशील?”

दुसरा दिवस कवरत्तीचा. राजधानीचं बेट, १९६४ पासून. रस्त्यावर रिक्षा, सरकारी कचेऱ्या, शाळेतून निघालेली मुलं. आम्हाला उजरा मशिदीपाशी नेलं. लाकडावरचं कोरीव काम पाहण्यासारखं आहे म्हणतात, आम्ही बाहेरूनच बघितलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यानं दुखणी बरी होतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. हे कळल्यावर आईनं चपला काढल्या आणि विहिरीच्या दिशेनं हात जोडले. मशिदीच्या विहिरीला एक वारकरी बाई हात जोडते आहे, हे पाहून आमच्या गटातल्या एका काकांच्या भुवया वर गेल्या. आईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

मग समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प. खरं तर तो कुणी बघायला जात नाही, गाडीतून जाता जाता चालकानं हात करून दाखवला. मी थांबायला लावलं. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं २००५ मध्ये उभारलेला, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा. पुढे २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे झाले. त्याची युक्ती मला फार आवडली. वरचं समुद्राचं पाणी असतं अठ्ठावीस अंशांच्या आसपास. ते एका टाकीत घेऊन टाकीतली हवा काढून घेतात. दाब कमी झाला की पाणी चुलीशिवाय वाफाळतं, मीठ खाली राहतं. ती वाफ थंड करायला पाणी आणतात सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून, तिथं ते बारा अंश असतं. आता साडेतीनशे मीटर खोल समुद्र किनाऱ्यापासून किती लांब असायला हवा? आपल्याकडे मुंबईहून निघालं तर कितीतरी तास. इथं मात्र नळी किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तेवढी खोल जाते, कारण बेट म्हणजे त्या बुडालेल्या डोंगराचा माथा आणि कडा सरळ खाली उतरलेली. ज्या कारणानं इथं नदी नाही, त्याच कारणानं हा कारखाना चालतो. मी हे फार उत्साहानं सांगत होते. आईनं शांतपणे विचारलं, “आनि त्यो पंप चालवायला?” वीज. “वीज कशावर?” डिझेल. “डिझेल?” जहाजानं. ती काही बोलली नाही. तिचा प्रश्न पाइपलाइनपासून सुरू झाला होता, तो फिरून तिथंच आला. चारशे किलोमीटरची पाइपलाइन होतीच, फक्त ती तरंगत होती.

दुपारी काचेच्या तळाची होडी. प्रवाळाच्या फांद्या, मेंदूसारखे गोळे, त्यातून सुळकन जाणारे पिवळे-काळे मासे. होडीवाल्यानं एक हिरवा-निळा जाडसर मासा दाखवला, पोपट मासा. चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडून खातो, त्यावरचं शेवाळ पोटात ठेवतो आणि दगडाची भुकटी बाहेर टाकतो. पायाखालची ती पांढरी मऊ वाळू, जिच्यावर माझा नवरा आदल्या दिवशी लोळला होता, तिचा बराचसा भाग अशा माशांच्या पोटातून आलेला आहे. हे कळल्यावर भाचा एवढा हसला की होडी हलली.

काही ठिकाणी मात्र प्रवाळ पांढरं होतं. हाडांसारखं. पाणी फार तापलं की प्रवाळाच्या अंगात राहणारं आणि त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ निघून जातं, रंगही त्याच्याबरोबर जातो. आधीचा, २०२४ चा उन्हाळा लक्षद्वीपच्या प्रवाळाला फार वाईट गेला होता. त्याआधी १९९८, २०१०, २०१६. होडीवाला बोटानं दाखवायचा, हे जिवंत, हे मेलेलं, हे परत येईल कदाचित. त्यानंच सांगितलं की बंगारमच्या बाजूचं परळी नावाचं एक छोटं निर्मनुष्य बेट पाण्याखाली गेलं. आई दचकली. “परळी बुडाली?” तिच्या डोळ्यांपुढे वैजनाथाचं देऊळ. आम्ही हसलो, ती हसली नाही. नावं सारखी असली तरी काय झालं, कुणाचं तरी गावच की, असं काहीतरी पुटपुटली. तिथं कुणी राहत नव्हतं, हे मी तिला सांगितलं. तिला ते फारसं पटलं असं वाटलं नाही.

समुद्रात डुंबून आल्यावर अंगाचं मीठ घालवायला किनाऱ्यावर गोड्या पाण्याचे शॉवर होते. माझी लेक शॉवरखाली उभी होती, केस धूत होती, गाणं म्हणत होती. पोरगी खूश होती. आई तिच्यामागं गेली आणि हात वर करून नळ बंद केला. “बास.” लेक चिडली. साबण डोळ्यांत, आजी. आईनं तिच्या डोळ्यांपुरतं पाणी पुन्हा सोडलं आणि पुन्हा बंद केलं. आमच्या पुढच्या-मागच्यांनी तोवर आपापले शॉवर सोडलेलेच होते. मला लाज वाटली, आधी आईची, मग स्वतःची. पैसे भरून आलोय आपण, हा विचार माझ्या मनात स्पष्टपणे येऊन गेला, हे कबूल करते. आणि लांबच्या, कुणी न पोचलेल्या, स्वच्छ जागी जायची आपली जी हौस असते तिच्यातच ती जागा संपवायची सोय असते, हाही विचार आला. पण तो जहाजावर परतल्यावर, गरम पाण्यानं आंघोळ करताना आला, त्यामुळे त्याची फार मातब्बरी नाही.

शेवटचं मिनिकॉय. इतर बेटांपासून सुटं, नऊ अंश चॅनेल नावाच्या समुद्राच्या पट्ट्यापलीकडे. स्पर्धापरीक्षांना बसलेल्या प्रत्येक मराठी माणसानं हे नाव घोकलेलं असतं. त्याच्या खाली आठ अंश चॅनेल आणि मग मालदीव. इथली भाषाही वेगळी, महल, मालदीवच्या भाषेची बहीण, आणि लिपी उजवीकडून डावीकडे. अकरा गावं आहेत, गावाला अवाह म्हणतात आणि गावच्या पुढाऱ्याला बोडुकाका. या शब्दानं आमच्या घरात कायमचं बस्तान बसवलं आहे. भाऊ हल्ली कुठलाही निर्णय जाहीर करायला लागला की सगळे त्याला बोडुकाका म्हणतात.

आमच्याबरोबर फिरणारा तरुण व्यापारी जहाजांवर काम करून आलेला होता, मिनिकॉयच्या घराघरांत असे खलाशी आहेत. तो काही काळ मुंबईत राहिलेला, हिंदी चांगलं बोलायचा. मासे उकडून, धुरावर धरून, वाळवून लाकडासारखे टणक केलेले त्यानं दाखवले. आईनं नाकाला पदर लावला, पण टिकवण्याची रीत मात्र नीट विचारून घेतली, किती दिवस, कुठला धूर, पाऊस आला तर काय.

मग दीपगृह. इंग्रजांनी १८८५ मध्ये बांधलेलं. सुएझचा कालवा झाल्यावर जहाजांची रीघ या बाजूनं वाढली होती आणि इथल्या प्रवाळावर जहाजं आदळायची. आई खाली बसली, आम्ही चढलो. गोल गोल जिना, मी पायऱ्या मोजत होते आणि धापेत आकडा हरवला. वर गेल्यावर वारा असा की बोलता येईना.

आणि तिथून ते अख्खं बेट दिसतं. चंद्रकोरीसारखं, नारळीच्या शेंड्यांनी गच्च. एका बाजूला लगूनचा फिकट रंग, दुसऱ्या बाजूला गडद समुद्र. मधली पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद की वाटतं दोन्ही पाणी हात मिळवतील. या पट्टीच्या खाली ते भिंग आहे, गोड्या पाण्याचं, हे आठवलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. उंचीचा असेल. खाली आईची विटकरी साडी दिसत होती, एका ठिपक्याएवढी.

दक्षिणेकडे एक छोटंसं बेट दिसत होतं. विरिंगिली. तरुणानं सांगितलं की पूर्वी कुष्ठरोग झालेल्या माणसांना तिकडे नेऊन सोडायचे. ती तिथंच जगायची, फार हालात, आणि तिथंच मरायची. आमच्या गटानं त्या बेटाचे फोटो काढले. मीही काढला. संध्याकाळच्या उजेडात ते फार सुंदर दिसत होतं, हे खोटं कशाला सांगू.

खाली आल्यावर लेकीनं ही गोष्ट आजीला सांगितली. आईनं त्या दिशेला बघितलं, पण खालून ते बेट दिसत नव्हतं, झाडं आड होती. थोड्या वेळानं तिनं त्या तरुणाला थेट मराठीत विचारलं.

“तिथं पानी हुतं का?”

त्याला कळलं. तो थांबला. बहुधा पर्यटक काय विचारतात हे त्याला पाठ असावं, किती माणसं होती, भुतं आहेत का, आता जाता येतं का. त्यानं डोकं खाजवलं. “विहीर असेल, अम्मा,” असं हिंदीत म्हणाला, आणि मग, “मला माहीत नाही. कधी कुणी विचारलं नाही.” घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारतो, असंही म्हणाला. विचारलं का, ते आम्हाला कळायचा मार्ग नाही.

परतीच्या प्रवासात समुद्र शांत होता, कुणी आडवं झालं नाही. फोटो बघणं सुरू झालं. लेकीच्या फोनमध्ये सहाशेच्या वर. मी मुद्दाम शोधलं, कल्पेनीच्या त्या विहिरीचा एकही नव्हता. माझ्याही फोनमध्ये नव्हता. मी तिथं उभी होते, फोन हातात होता, आणि काढला नाही.

कोचीच्या हॉटेलात पोचल्यावर आईनं पहिला फोन मावशीला लावला. मावशी अजून गावाकडेच असते. आई फोनवर ओरडून बोलते, जणू माण तालुक्यापर्यंत आवाज स्वतःच पोचवायचा आहे. होडीतल्या उडीबद्दल सांगितलं. बाळ घेऊन चाललेल्या बाईबद्दल सांगितलं. निळ्या रंगाबद्दल, माशांबद्दल काही नाही. मग विहिरीवर आली.

“अगं, हात सोडला की पानी लागतंय. दोर न्हाय, काय न्हाय. असं हाताला! म्हातारी बाई हुती, तिनं वंजळीत घातलं माझ्या.”

पलीकडून मावशीनं काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण आईनं खोलीतल्या आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं, खिडकीकडे तोंड केलं आणि आवाज खाली आणला.

“व्हय,” ती म्हणाली. “जरासं खारट हुतं.”